पृथ्वी थिएटर, जुहू: इथे नेपथ्य जमिनीपासून सुरू होतं

जुहूच्या जानकी कुटीरमधलं पृथ्वी थिएटर प्रेक्षकांना चांगलंच ठाऊक आहे. तिसऱ्या घंटेनंतर दार उघडत नाही आणि आत शिरल्यावर नट हाताच्या अंतरावर असतात. हे परीक्षण नेपथ्य करणाऱ्याच्या बाजूने आहे. संस्थेने तारीख घेतली की नेपथ्यकाराच्या हाती नेमकी कसली जागा येते, तिथे काय टिकतं, काय मोडतं आणि चार वस्तूंमधून घर, कोर्ट किंवा नदीचा घाट कसा उभा राहतो, ते इथे पाहू.

आधी निकाल. भिंती, खिडक्या, जिना असलेला दिवाणखाना ट्रकमधून आणून लावायचा असेल तर ही जागा घेऊ नये. तो सेट इथे मावला तरी नाटकाला अडथळाच करेल. पण थोडक्या सामानात अर्थ मांडायची तयारी असेल, तर मुंबईत इतकं मागणारी आणि इतकं परत देणारी दुसरी जागा सापडणं कठीण.

वास्तूचं नाव पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये काढलेल्या फिरत्या नाटक कंपनीवरून आलं. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी ती उभी केली, वेद सेगन यांनी आराखडा केला आणि ५ नोव्हेंबर १९७८ रोजी पहिला प्रयोग झाला. तो गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या मराठी नाटकाच्या हिंदी रूपाचा होता. ते नाटक एका प्राध्यापकाच्या चौकशीचं आहे. चौकशीला बसलेल्या माणसाकडे तीन बाजूंनी लोक बघत असले, की त्यासाठी वेगळं कोर्ट बांधावं लागत नाही. प्रेक्षकांची बैठकच ते काम करते. या वास्तूची खरी ताकद हीच आहे.

तीन बाजूंचा हिशेब

आसनं सुमारे २००. प्रेक्षक तीन बाजूंनी, चढत्या पायऱ्यांवर. पहिली रांग जवळजवळ नटाच्याच जमिनीवर. कमान नाही, दर्शनी पडदा नाही, वर ओढून घ्यायचे पडदे नाहीत. शिवाजी मंदिर किंवा बालगंधर्वसाठी सेट करणाऱ्या नेपथ्यकाराच्या हाताला जी सवय असते, ती इथे पहिल्याच आराखड्यात अडते. चौकटी, म्हणजे कमानीतून एकाच बाजूने पाहायच्या, रंगमंचावर तो एका चित्राची रचना करतो. इथे समोरच्याला एक चित्र दिसतं, डावीकडच्याला दुसरं आणि उजवीकडच्याला तिसरं, आणि तिन्ही खरी असावी लागतात.

पहिला नियम उंचीचा. जमिनीवर ठेवलेल्या साध्या खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण पावणेचार ते चार फुटांवर असते. पहिल्या रांगेपुढे तीन फुटांहून उंच पाठीची खुर्ची ठेवली, की त्या रांगेतल्या दोघातिघांना बसलेला नट अर्धा दिसतो. म्हणून पुढच्या आणि बाजूच्या कडांना १५ ते १८ इंच उंचीचीच बैठक ठेवावी: स्टूल, पेटी, पाट, चौरंग, बिनपाठीचं बाकडं. उंच वस्तू मागच्या भिंतीजवळ जाते आणि तीही एखादीच. कपाट, फडताळ, कपडे टांगायचा स्टँड हे सगळं मागे.

सोफ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. मराठी नाटकांमधून इथे येणारी आणि सगळ्यात जास्त त्रास देणारी वस्तू तीच आहे. प्रेक्षकांकडे तोंड करून मधोमध मांडलेला तीन आसनी सोफा समोरच्यांना दिवाणखाना वाटतो. बाजूच्यांना त्याच्या हाताची पाठ दिसते, आणि त्यावर तिघं बसले तर एकाआड एक लपलेले दिसतात. सोफा हवाच असेल तर तो ३० ते ४५ अंशांत फिरवून मागच्या कोपऱ्यात न्यावा. त्याहून बरा उपाय म्हणजे सोफा मोडून तीन सुट्या बैठका करणं. मग दोन पात्रांमधलं अंतर हलवता येतं, आणि छोट्या जागेत अंतर हेच संवादाइतकं बोलतं. नवरा-बायको चार फुटांवर बसलेत की नऊ फुटांवर, हे २०० माणसांना लगेच कळतं. हजार आसनांच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेला हा फरक जाणवणारही नाही.

जमीन हाच पडदा

चढत्या रांगांमुळे इथे काय होतं, ते गणिताने पाहावं. समजा प्रेक्षकाची नजर रंगमंचाच्या जमिनीपासून ८ फूट उंच आहे आणि नट त्याच्यापासून १६ फुटांवर उभा आहे. नटाच्या कमरेवरून, म्हणजे ३ फूट उंचीवरून, जाणारी नजरेची रेषा त्याच्या मागे सुमारे साडेनऊ फुटांवर जमिनीला टेकते. याचा अर्थ कमरेखालच्या नटाला पार्श्वभूमी मिळते ती फक्त जमिनीची. डोक्याची पार्श्वभूमी मात्र मागची भिंत किंवा पलीकडचे प्रेक्षक. भिंतीवर महिनाभर राबून रंगवलेला वाडा बाजूच्या प्रेक्षकाला नटामागे दिसतच नाही. त्याला दिसते ती जमीन आणि पलीकडच्या माणसाचे गुडघे.

त्यामुळे खर्च आणि वेळ यांतला मोठा वाटा जमिनीला द्यावा. रंगवलेलं जाड कॅनव्हास हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. मांजरपाट स्वस्त पडतो, पण तो पायाखाली सरकतो, चुण्या धरतो आणि दोनतीन प्रयोगांत फाटतो. २० बाय १६ फुटांचं कापड म्हणजे ३२० चौरस फूट. पट्ट्या जोडताना शिवण सपाट दाबून घ्यावी आणि ती रंगकामातल्या एखाद्या रेषेखाली येईल अशी आखावी, नाहीतर बाजूच्या प्रकाशात ती दोरीसारखी उठून दिसते. आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचा पातळ हात द्यावा म्हणजे कापड रंग पीत नाही. नंतर पाण्यात मिसळणारा मॅट इमल्शन, दोन हात. अस्तर बसलेल्या कॅनव्हासला दोन हातांसाठी सहासात लिटर रंग धरून चालावं. अस्तर टाळलं तर तो कितीतरी जास्त लागतो आणि कापड वाळल्यावर कडक होऊन तडकतं. चकाकणारा रंग किंवा वार्निश अजिबात नको, कारण वरून पडलेला दिवा त्यात आरशासारखा दिसतो. फ्लेक्सवर छापलेली फरशीही याच कारणाने नाकारावी.

कापड घडी करून नेऊ नये. चार इंची पीव्हीसी पाइपावर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावं. घडीच्या रेषा इस्त्रीनेही जात नाहीत आणि वरून पाहणाऱ्याला त्या चौकटी सगळ्यात आधी दिसतात. खाली दुहेरी चिकटपट्टी, कडांना कापडी गॅफर टेप. खिळे कुठेच नाहीत. टेप साधी तपकिरी पॅकिंगची वापरली तर ती चमकते, ओढताना रंग उचलते आणि जमिनीवर गोंद सोडून जाते. मग पुढच्या संस्थेला तो खरवडत बसावं लागतं.

रंगाची छटा मधली असावी: राखाडी, मातकट, गेरूच्या जवळची. पांढरी जमीन प्रकाश परत फेकते, त्यामुळे पलीकडच्या प्रेक्षकांचे चेहरे उजळतात आणि दृश्यबदलातला काळोख काळोख राहत नाही. अगदी काळी जमीन उलट नटाचे पाय गिळते. शिवाय तिच्यावर प्रत्येक धुळीचा ठसा दिसतो आणि दुसऱ्या अंकापर्यंत ती घाणेरडी होते.

वाळू, माती, पालापाचोळा पसरायचा मोह या जमिनीमुळेच होतो, आणि वरून तो दिसतो फार सुंदर. पण वजन मोजा. १०० चौरस फुटांवर अर्धा इंच वाळू म्हणजे सव्वाचार घनफूट, सुमारे १९० किलो. ती आणायची, चाळायची, प्रयोगानंतर शेवटच्या कणापर्यंत उचलायची, कारण त्याच दिवशी दुसऱ्या संस्थेचा प्रयोग असू शकतो. धूळ नटांच्या घशात जाते आणि पहिल्या रांगेच्या डोळ्यांत. त्याऐवजी ४ बाय ३ फुटांचा उथळ तबकासारखा साचा करावा, कडा उतरत्या ठेवाव्यात आणि त्यात एक इंच वाळू घालावी. ४५ किलोंत काम होतं. उरलेल्या कोरड्या रंगमंचावर तेवढीच वाळू असली की तिचं वजन वाढतं: तिच्यात पाय घालणारं पात्र किनाऱ्यावर जातं, स्मशानात जातं, लहानपणात जातं. सगळीकडे पसरलेली वाळू पाच मिनिटांत डोळ्यांच्या सवयीची होते आणि मग ती नुसती फरशी उरते.

उंबरठा

दार हा छोट्या रंगमंचावरचा कायमचा प्रश्न. चौकटी रंगमंचावर आठ फुटी फ्लॅटमध्ये, म्हणजे सेटच्या खोट्या भिंतीत, चौकट बसवली की दार झालं. पृथ्वीत नुसती चौकट मधोमध उभी केली तर समोरून दार दिसतं आणि बाजूने एक खांब. तो खांब कोणाच्या तरी चेहऱ्यावर सतत येत राहतो. दाराचं काम इथे उंबरठ्यावर सोपवावं. साडेतीन फूट लांब, चार इंच रुंद, तीन इंच उंच लाकडाचा एक तुकडा. तो कोणालाच झाकत नाही, तिन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, आणि मराठी प्रेक्षकाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. माप ओलांडणारी सून, बाहेरच थांबलेला पाहुणा, घरात परत न घेतलेली मुलगी, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसलेली म्हातारी: हे सगळं एका फळीवर होतं.

तीन इंचांहून कमी उंची ठेवली तर वरून तो रंगाची रेषा वाटतो. पाच इंचांहून जास्त ठेवली तर काळोखात हमखास ठेच लागते. खाली लोखंडी पट्टी स्क्रूने लावून वजन द्यावं, तिच्याखाली जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चिकटवावा म्हणजे सरकत नाही. दोन्ही टोकांना नखाएवढी चमकणारी टेप, फक्त नटाच्या बाजूने दिसेल अशी.

पण उंबरठा कामाला येतो तो शिस्तीमुळे. ज्या घराला भिंती नाहीत, त्या घराची भिंत नटांच्या पायांनी सांभाळावी लागते. सात नटांपैकी सहा जण उंबरठ्यावरून आले आणि सातवा घाईत स्वयंपाकघराच्या भिंतीतून चालत गेला, तर घर त्या क्षणी नाहीसं होतं आणि परत येत नाही. त्यामुळे तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून जमिनीवर खऱ्या मापाने टेप मारलेली असायला हवी. रंगीत तालमीला पहिल्यांदा उंबरठा दाखवणं म्हणजे नटांवर अन्याय आहे.

हाच न्याय खडूच्या रेषेला आणि रांगोळीला लागू होतो. रांगोळी बाजूने पसरट दिसते, वरून पूर्ण दिसते, म्हणून तिच्यासाठी ही जागा जवळजवळ आदर्श. ती पुसली जाणं हीसुद्धा घटना होते. फक्त ती पुसली जाण्याआधी चुकून कोणाच्या पदराने फरफटली जाऊ नये, याची काळजी हालचाली बसवतानाच घ्यावी. आणि ती पुसल्यावर उरलेली भुकटी निसरडी असते. तिथे लगेच धावणारं पात्र ठेवू नये.

लेव्हल आणि ठोकळे

भाड्याने मिळणारी ६ बाय ३ फुटी लेव्हल, म्हणजे नटाला उंचावर उभं करणारा लाकडी चौथरा, इथे जपून वापरावी. चौकटी रंगमंचावर १८ इंच उंच लेव्हलवर उभा राहिलेला माणूस सत्ताधारी दिसतो, कारण प्रेक्षक खालून बघतो. पृथ्वीत बहुतेक प्रेक्षक वरून बघतात, म्हणून तीच उंची अर्धी होते. इथे ६ इंचांची लेव्हलही पुरते. ती उंचीने कळत नाही, तिच्या कडेच्या सावलीने आणि नटाचा पाय कसा उचलला जातो त्यावरून कळते. खाली बसणं, आडवं होणं, जमिनीशी जाणं या हालचाली उलट इथे फार प्रभावी ठरतात. चौकटी रंगमंचावर मधल्या रांगांना समोरच्याच्या डोक्यामुळे जमिनीवर झोपलेलं पात्र अनेकदा दिसतच नाही.

लेव्हलचा आवाज ही दुसरी अडचण. १२ मिलिमीटर प्लाय दोन फुटांच्या अंतरावर आडव्या पट्ट्या देऊन लावला, की तो लवतो आणि ढोलासारखा वाजतो. छोट्या सभागृहात तो आवाज हळू बोललेल्या वाक्यावर सरळ चढतो. १९ मिलिमीटर प्लाय, दीड फुटावर पट्ट्या, खिळ्यांऐवजी स्क्रू, खालून जुन्या सतरंजीचा थर आणि पायांना रबर. अशी एक लेव्हल तीस किलोंच्या पुढे जाते, उचलायला दोघं लागतात. त्यामुळे दृश्यबदलात ती हलवायची योजनाच करू नये.

दृश्यबदलासाठी ठोकळे. दीड फुटी लाकडी ठोकळा खुर्ची, देव्हारा, विहिरीचा काठ, रेल्वेचा डबा होतो, हे सगळ्या प्रायोगिक संस्थांना माहीत आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून जी प्रायोगिक चळवळ उभी राहिली, तिने मराठी नेपथ्याला हे काटकसरीचं व्याकरण दिलं. पण ठोकळ्यांचं एक पथ्य अलीकडे सर्रास मोडलं जातं. एका नाटकात एका ठोकळ्याला तीनपेक्षा जास्त रूपं देऊ नयेत आणि प्रत्येक रूप नटाच्या कृतीतून जन्माला यावं. ठोकळ्यावर हात टेकून आत वाकून पाहिलं आणि आवाज घुमला, तर ती विहीर. नुसता ठोकळा मधे ठेवून संवादात ‘विहीर’ म्हटलं तर तो ठोकळाच. सहा ठोकळे पुरतात. बारा आणले की बॅकस्टेजची वाहतूक सुरू होते.

काळोखातला बदल आठ-दहा सेकंदांहून लांबवू नये. पहिल्या रांगेला नटांचा श्वास ऐकू येत असतो, तिथे सामान सरकवण्याचा आवाज लपत नाही. बदल उजेडात, पात्रांच्याच हातून करावा. मुलगा वडिलांची खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवतो, यात दृश्यही बदललं आणि घरातली सत्ताही. त्यासाठी वेगळा माणूस लागत नाही आणि वेगळा वेळही.

जवळून पाहिलं जाणारं सामान

चार-पाच फुटांवरून सगळं खरं-खोटं कळतं. थर्माकोलचा दगड, लाकडासारखा रंगवलेला प्लाय, प्लास्टिकची केळी, कोऱ्या कागदाचं पत्र: लांबच्या प्रेक्षकासाठी चालून जाणाऱ्या या गोष्टी इथे उघड्या पडतात. वर्तमानपत्र नाटकाच्या काळाचं हवं, कारण मथळा वाचता येतो. पत्र खरोखर लिहिलेलं हवं, कारण शाई पलीकडून दिसते. पाणी पितळी तांब्यातून पेल्यात ओतलं तर त्याचा आवाज दृश्याला घर देतो; फायबरचा पेला तेच दृश्य लुळं करतो. चहा खरा असावा. वासालाही जागा आहे: उदबत्ती, ओला खस, चिरलेला कांदा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात. मात्र ज्योत, निखारा, रॉकेल यांपैकी काहीही नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाची आधी परवानगी घेतल्याशिवाय आणू नये. ऑइल पेंट प्रयोगाच्या आदल्या दिवशी लावला तर पूर्ण सभागृहाला त्याचा दर्प येतो. पाण्यातला रंगही ४८ तास आधी संपवावा.

वस्तू कमी असल्या की प्रत्येक वस्तूकडे प्रेक्षक जास्त वेळ बघतो. भिंतीवर घड्याळ लावलं तर ते चालू आहे की बंद, हे कोणीतरी नक्की पाहणार. म्हणून प्रत्येक वस्तूसाठी एकच कसोटी लावावी: ती काढली तर कुठलं वाक्य, कुठली हालचाल अडते? काहीच अडत नसेल तर ती गोदामात परत जाऊ द्यावी.

टांगलेल्या वस्तूंबाबत. पातळ आणि सपाट वस्तू, म्हणजे खिडकीची चौकट, फोटो फ्रेम, पाटी, बाजूने काठी होतात. सगळीकडून आकार टिकवणारी वस्तू टांगावी: कंदील, पाळणा, घंटा, शिंकं, वाळकी फांदी. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. नऊवारी सव्वाआठ मीटर, सुमारे २७ फूट. उभी सोडलेली साडी सगळ्या कोनांतून वाचता येते आणि जमिनीवर उतरून वाहूही शकते. वस्तूचा तळ साडेसात फुटांच्या वर राहिला पाहिजे आणि ती कुठल्याही दिव्याच्या झोतात आडवी येता कामा नये. ती कशाला अडकवायची हे तिथल्या तंत्रज्ञाला विचारूनच ठरवावं, मुख्य दोराशिवाय दुसरी लोखंडी तार सुरक्षेसाठी द्यावीच. खाली माणसं वावरत असतात.

प्रकाश

पृथ्वीत नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार यांनी वेगवेगळे कागद घेऊन यायचं नाही. दोघांचा आराखडा एकच असतो. तीन बाजूंना प्रेक्षक म्हणजे समोरचा दिवा असं काही उरत नाही. एकाचा समोरचा दिवा तो दुसऱ्याचा पाठचा. प्रत्येक आठ फुटी भागाला किमान तीन बाजूंनी, जमल्यास चार बाजूंनी दिवे हवेत. असे सहा भाग पाडले तर १८ ते २४ दिवे फक्त चेहऱ्यांसाठी गेले. कोन ४५ ते ५५ अंशांच्या आसपास. त्याहून आडवा दिवा पलीकडच्या रांगेच्या डोळ्यांत जातो, त्याहून उभा दिवा नटाच्या डोळ्यांच्या खोबणीत अंधार करतो. झोताचं माप आधी काढावं: १२ फुटांवरून २५ अंशांचा प्रोफाइल, म्हणजे रेखीव कडांचा झोत टाकणारा दिवा, जेमतेम सव्वापाच फुटांचं वर्तुळ देतो, ३६ अंशांचा पावणेआठ फुटांचं. पहिल्याने आठ फुटांचा भाग भरायला गेलं की मधे काळे खड्डे पडतात आणि नट चालताना विझत-पेटत जातो.

चौकटी रंगमंचावरची सर्वात रुळलेली युक्ती, डावीकडून उबदार आणि उजवीकडून थंड जिलेटीन (दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद), इथे फसते. एका बाजूच्या प्रेक्षकाला पूर्ण नाटकभर निळसर चेहरे दिसतात, दुसऱ्याला पिवळे. चेहऱ्यांवर सगळीकडून एकच फिकट छटा ठेवावी आणि गडद रंग सरळ वरून, जमिनीवर सोडावा. जमीनच पडदा असल्यामुळे रंग तिथे पडला की वेळ आणि जागा दोन्ही बदलतात.

खिडकी दाखवायचा सर्वांत चांगला मार्गही जमिनीवरच आहे. प्रोफाइलमध्ये चार तावदानांचा गोबो, म्हणजे आकार कापलेली चकती, घालून प्रकाशाची चौकट जमिनीवर पाडावी. जास्त वरून पडलेली आखूड चौकट म्हणजे दुपार. तिरप्या दिव्याने लांबवलेली, नारिंगी, म्हणजे संध्याकाळ. दोन दिव्यांमधला दोन मिनिटांचा संथ बदल पूर्ण दिवस ढकलतो आणि त्यासाठी एकही खिडकी बांधावी लागत नाही. त्याच चौकटीत कोण बसतं आणि कोण तिच्या कडेने वळसा घालून जातं, यावर दिग्दर्शक दृश्य उभं करू शकतो. चारी बाजूंचे चेहऱ्याचे दिवे तेव्हा निम्म्यावर आणावे लागतात, नाहीतर चौकट धुऊन निघते आणि प्रत्येक नटाच्या चार सावल्या तिच्यावर नाचतात.

एलईडी दिवे भाड्याने आणत असाल तर दोन गोष्टी तपासा. पंख्याचा आवाज: शांत दृश्यात सहा दिव्यांचे पंखे मिळून स्पष्ट ऐकू येतात. आणि शेवटच्या दहा टक्क्यांतला उतार: स्वस्त दिवा तिथे हळू मावळत नाही, पायरीपायरीने खाली येतो आणि मग पटकन विझतो. शेवटच्या दृश्यासाठी एकदोन जुने हॅलोजन फ्रेनेल, म्हणजे मऊ कडांचा झोत देणारे दिवे, ठेवलेले बरे.

कोणासाठी, कोणासाठी नाही

तीनचार पात्रांचं, माणसांमधल्या ताणावर चालणारं नाटक इथे सर्वात छान बसतं. कथाकथन, एकपात्री, गाण्यासह मोकळ्या आकृतिबंधाचं नाटकही. पोचवायला कठीण जातं ते जलद एंट्री-एक्झिटवर उभं असलेलं विनोदी नाटक, ज्याला तीन दारं आणि त्यांमागे लपायच्या जागा लागतात; आणि रहस्यनाट्य, ज्यात एखादी गोष्ट प्रेक्षकांपासून झाकून ठेवायची असते. तीन बाजूंनी पाहणाऱ्यांपासून काहीच झाकता येत नाही.

ज्यांना बैठकीची मांडणीच नाटकागणिक बदलायची आहे, त्यांनी नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमधलं एक्सपेरिमेंटल थिएटर पाहावं. पुण्याचा शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंचही असाच जवळिकीचा. पृथ्वीची बैठक मात्र ठरलेली आहे आणि नेपथ्यकाराला तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. हे बंधनच तिथल्या चांगल्या सेटांना आकार देतं, असं ठाम मत आहे.

तारीख मिळाली की आधी मोजमापासह आराखडा, दिव्यांच्या दांड्यांची उंची, उपलब्ध दिवे आणि डिमरची संख्या, सामान आत न्यायची वेळ आणि त्या दिवशी आधी-नंतर कोणाचा प्रयोग आहे, एवढं लेखी मागून घ्यावं. मग अर्धा इंच म्हणजे एक फूट या मापाने पुठ्ठ्याचं मॉडेल करावं, आणि त्यात तिन्ही बाजूंच्या पायऱ्याही बसवाव्यात. बहुतेक मॉडेलमध्ये त्या नसतात, आणि चुका तिथेच राहतात. फोनचा कॅमेरा मॉडेलमधल्या प्रत्येक बाजूच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या रांगेत ठेवून फोटो काढावेत. नऊ फोटो. सोफा अडतो की नाही, खांब चेहऱ्यावर येतो की नाही, जमिनीचा रंग पात्रांच्या कपड्यांना गिळतो की नाही, हे सुताराला पैसे देण्याआधी कळतं.

प्रत्यक्ष दिवशी जमिनीचं कापड सगळ्यात आधी, मग खुणा, मग दिवे लावणं आणि नेम धरणं, शेवटी सामान. शिडी कापडावर उभी करायची वेळ येणारच. तिच्या पायांखाली प्लायचे तुकडे घालावेत. दिव्यांचा नेम धरताना रिकाम्या जागेत माणूस उभा करावा आणि दुसऱ्याने त्याच वेळी पलीकडच्या पहिल्या रांगेत बसून डोळ्यांत काय येतं ते ओरडून सांगावं. आसनांना क्रमांक नसतात, लोक रांगेने आत येऊन जागा धरतात. त्यामुळे सगळ्यात उशिरा पोचलेला प्रेक्षक नेमका सगळ्यात टोकाला, भिंतीलगत बसतो. तालमीचा एक पूर्ण अंक त्या टोकाच्या जागेवरून आणि दुसरा त्याच्या समोरच्या टोकावरून दिग्दर्शक व नेपथ्यकार दोघांनी मिळून पाहावा, आणि तिथून जे दिसत नाही ते त्याच दिवशी हलवावं.